कन्सल्टन्सीवाले आणि आपण कंत्राटी: व्यवहार नेमका कुठे बिघडतो?

खाडीपारचा (धागाकर्ता), १६ जुलै

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या क्षेत्रात आहे. त्यांतली शेवटची पाच वर्षे पगारी नोकरी सोडून कंत्राटावर काम करतो, म्हणजे दर महिन्याला बिल पाठवतो एका कन्सल्टन्सीला (कंपन्यांना माणसे पुरवणाऱ्या संस्थेला) आणि प्रत्यक्ष काम करतो ते ऐरोली, पवई किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तिसऱ्याच कंपनीत बसून. पाच वर्षांत सहा कन्सल्टन्सी झाल्या. बरेवाईट दोन्ही अनुभव आले. परंतु या वर्षी घडलेल्या दोन प्रसंगांनंतर, या मधल्या माणसाकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवणे रास्त आहे, हा प्रश्न मला पडला आहे.

पहिला प्रसंग फेब्रुवारीतला. एका कन्सल्टन्सीतून फोन आला की बीकेसीतल्या मोठ्या बँकेत जागा आहे, नाव सांगता येणार नाही, सीव्ही तासाभरात हवा. मी पाठवला. पुढे चार दिवस काहीच कळले नाही. मग दुसऱ्या कन्सल्टन्सीतून फोन आला. त्यांनी बँकेचे नाव, दर आणि कामाचे स्वरूप व्यवस्थित सांगितले, म्हणून मी होकार दिला. आठवड्याने त्यांनीच कळवले की माझे नाव दोन व्हेंडरांकडून आल्यामुळे बँकेने दोन्ही अर्ज बाद केले. पहिल्या मंडळींनी माझा सीव्ही त्याच बँकेत पाठवला होता आणि तसे मला सांगण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.

दुसरा प्रसंग अजून चालू आहे. एप्रिलपासून मी एका क्लायंटकडे दरमहा १,१०,००० रुपयांवर काम करत आहे. तोंडी ठरले होते तीस दिवसांत पैसे. करारात मात्र "क्लायंटकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर" असे वाक्य निघाले आणि मी ते न वाचता सही केली, हा दोष माझा. एप्रिलच्या बिलाचे पैसे ५८ दिवसांनी मिळाले. मे आणि जूनचे अजून नाहीत. एप्रिलच्या रकमेतून टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर) कापला आहे, पण तो २६ एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, दिसत नाही. भरीस भर म्हणजे क्लायंटकडच्या एका बैठकीत चुकून एक पर्चेस ऑर्डर पडद्यावर उघडली गेली आणि माझ्या जागेसाठी दरमहा १,९०,००० रुपये मोजले जात असल्याचे दहा जणांसमोर मला कळले.

मला कोणाची बदनामी करायची नाही, म्हणून नावे लिहीत नाही आणि प्रतिसादांतही कृपया लिहू नयेत. ज्यांनी हा व्यवहार दोन्ही बाजूंनी पाहिला आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

---

विक्रोळी_पश्चिम, १६ जुलै

शब्दाशब्दाशी सहमत. ऐंशी हजार रुपये महिना कशाचे घेतात, तर एका फोनचे. यांना व्यावसायिक म्हणणे हाच विनोद आहे.

---

अंधेरी_पूर्व, १७ जुलै

मी चौदा वर्षे भरतीच्या व्यवसायात आहे आणि गेली सहा वर्षे नऊ जणांची स्वतःची लहानशी कन्सल्टन्सी चालवते. म्हणजे ज्यांच्याविषयी हा धागा आहे, त्यांच्यातलीच एक. धागाकर्त्यांनी संयमाने लिहिले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सीव्हीचा प्रश्न. मोठा क्लायंट एकच जागा एकाच वेळी पाच-सात व्हेंडरांना देतो. त्यांच्या पोर्टलवर ज्याच्याकडून उमेदवाराचे नाव आधी चढते, त्याची मालकी त्या नावावर काही महिने राहते. आमच्याकडची मुलगी सकाळी दहाला जागा वाचते आणि बारापर्यंत तिला तीन नावे चढवायची असतात. या घाईतून सगळे दोष जन्मतात: फोनवरचे अर्धवट बोलणे, न विचारता पाठवलेला सीव्ही आणि नंतर धरलेले मौन. क्लायंटचे नाव आम्ही लपवतो, कारण ते सांगितल्यावर काही उमेदवार थेट तिथल्या ओळखीच्या माणसाला गाठतात किंवा दुसऱ्या एजंटला "तुमच्याकडे ही जागा आहे का" म्हणून विचारतात. हे खरे असले, तरी तुमच्या बाबतीत जे झाले त्याचे समर्थन मी करणार नाही. ज्याचा सीव्ही आहे त्याला तो कुठे जातो हे कळायलाच हवे. माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदाही संमती कशासाठी घेतली हे स्पष्ट असावे, असेच सांगतो. पण कायदा नसता तरी ही साधी रीत होती.

पैशांविषयी थोडे खुलासेवार सांगते. कायमच्या नोकरीत माणूस लावला, तर आमचे शुल्क बहुधा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार असतो आणि तो माणूस तीन महिन्यांच्या आत सोडून गेला, तर बदली माणूस फुकट द्यायचा किंवा पैसे परत करायचे, अशी अट असते. कंत्राटात दर महिन्याचे मार्जिन असते. क्लायंट आम्हाला ६० किंवा ९० दिवसांनी पैसे देतो. आमच्या पेरोलवर असलेल्यांना मात्र पगार वेळेवर द्यावाच लागतो. मधले सगळे दिवस आमचे भांडवल अडकते. ज्याच्याकडे भांडवल नाही, तो करारात "क्लायंटकडून आल्यावर" असे लिहितो आणि स्वतःची जोखीम तुमच्या गळ्यात घालतो. हे वाक्य दिसले की समजावे, समोरची कन्सल्टन्सी तुमच्या पैशांवर चालते आहे.

आता दुसरी बाजू. गेल्या महिन्यात एका उमेदवाराने आमच्याकडून ऑफर घेतली, ती दाखवून दुसरीकडे दर वाढवून घेतला आणि रुजू व्हायच्या सकाळी फोन बंद केला. त्याच्यासाठी क्लायंटने सात आठवडे जागा अडवून ठेवली होती. मुलाखतीला एक बसतो आणि कामावर दुसराच येतो, हेही आम्ही दोनदा पकडले आहे. दिवसा एक आणि रात्री दुसरे अशी दोन कंत्राटे चालवणारा एक जण तर आमच्याच दोन क्लायंटांकडे निघाला. आमच्यापैकी काही जण सीव्हीत अनुभवाची वर्षे वाढवतात, हे मी नाकारत नाही. वाढवा असे सांगणारे उमेदवारही मी पाहिले आहेत.

अवांतर: १,१०,००० आणि १,९०,००० मधला फरक एकाच हाताला जातो, असे मला वाटत नाही. मध्ये आणखी कोणी असावे. विचारून पाहा.

---

विक्रोळी_पश्चिम, १७ जुलै

भांडवल अडकते हे कारण नेहमी ऐकवले जाते. किती अडकते याचा हिशेब कोणी देत नाही.

---

जमाखर्च, १७ जुलै

तो हिशेब सोपा आहे. १,१०,००० रुपये अडीच महिने अडकले आणि व्याज महिना दीड टक्का धरले, तर ४,१२५ रुपये होतात. त्यावर पेरोलचा, विम्याचा, कार्यालयाचा आणि न लागलेल्या उमेदवारांवर गेलेल्या वेळेचा खर्च घालावा. तरी ऐंशी हजारांपर्यंत पोहोचायला पुष्कळ अंतर राहते. १,९०,००० मध्ये जीएसटी धरलेला आहे की नाही, हेही पाहावे. मनुष्यबळ पुरवठ्यावर तो १८ टक्के लागतो आणि तो कन्सल्टन्सीचा नफा नव्हे. तो धरलेला असेल, तर मूळ दर १,६१,००० च्या आसपास येतो.

मी सनदी लेखापाल आहे आणि माझ्याकडे तुमच्यासारखे बरेच अशील येतात, म्हणून दोन गोष्टी.

टीडीएसबाबत घाईने आरोप करू नये. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, पण तो तुमच्या नावावर दिसतो तिमाही विवरणपत्र दाखल झाल्यावर. एप्रिल ते जूनच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलै आहे. ऑगस्टच्या मध्यापर्यंत नोंद आली नाही, तर लेखी विचारावे आणि तोवर कपात दाखवणारी पेमेंट स्लिप जपून ठेवावी. त्यांनी कापून भरलाच नाही, तरी तेवढ्या कराची मागणी तुमच्याकडे थेट करता येत नाही, असे प्राप्तिकर कायदा सांगतो. मात्र कापल्याचा पुरावा तुमच्याजवळ हवा.

थकलेल्या बिलाबाबत एक प्रश्न: तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी) आहे का आणि असल्यास ती या कंत्राटाच्या आधीची आहे का?

---

खाडीपारचा, १७ जुलै

आहे. दोन वर्षांपूर्वी बँकेत चालू खाते उघडताना केली होती. तिचा असा काही उपयोग असतो, हे मला ठाऊक नव्हते. टीडीएसचा खुलासा वाचून थोडा ओशाळलो. मी त्यांना फोनवर बरेच बोललो होतो.

---

जमाखर्च, १८ जुलै

मग ऐका. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून सेवा घेतली, तर पैसे देण्याची मुदत करारात काहीही लिहिलेली असली तरी ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही आणि लेखी करारच नसेल तर ती १५ दिवसांची असते. मुदत उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. हा कायदा इतर कायद्यांच्या वरचढ ठरवलेला आहे. त्यामुळे "क्लायंटकडून आल्यावर" हे वाक्य ४५ दिवसांनंतर तुमच्याविरुद्ध फारसे टिकत नाही. सेवा स्वीकारल्याची तारीख महत्त्वाची असल्याने टाइमशीट (कामाच्या दिवसांचा तक्ता) मंजूर झाल्याची ईमेल सोडू नका. ३१ मेला मंजूर झाली असेल, तर परवाच १५ जुलैला मुदत संपली.

याला जोड म्हणून २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून प्राप्तिकरात आणखी एक तरतूद आली. मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी मिळते. मार्चअखेर अनेक कंपन्यांचे लेखा विभाग एकाएकी तत्पर होतात, त्याचे हे एक कारण आहे.

अशा थकबाकीची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते आणि ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जाते. पण तिथे वेळ लागतो आणि चालू कंत्राटात तक्रार केली की संबंध संपलेच, असे समजावे. म्हणून आधी साधे पत्र पाठवावे. पत्रात उद्यम क्रमांक, बिलाची तारीख आणि कायद्यातली मुदत एवढेच लिहावे. रागाचा एकही शब्द नको.

---

कल्याणचा_वकील, १८ जुलै

वर जे सांगितले, ते स्वतः बिल पाठवून पैसे घेणाऱ्यांसाठी. कन्सल्टन्सीच्या पेरोलवर असणाऱ्यांची गोष्ट वेगळी: ठेकेदाराने वेतन दिले नाही, तर ज्या आस्थापनेसाठी काम झाले तिने ते द्यावे, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या श्रम संहितांतही तिला जागा आहे. आपण यांपैकी कोण आहोत, हे न पाहता अनेक जण चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात.

धागाकर्त्यांच्या करारात "बारा महिने क्लायंटकडे थेट काम करणार नाही" असेही कलम असणार. बहुतेक करारांत असते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ व्यवसायावर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता शून्य, म्हणजे रद्दबातल, मानते. या विषयातला नेहमी दाखवला जाणारा निकाल आमच्या कल्याणच्याच कारखान्यातून निघाला आहे: सेंच्युरी रेयॉनच्या टायर कॉर्ड विभागातील निरंजन गोलिकरी हे पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोटा येथील स्पर्धक कंपनीत गेले आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील मनाई कायम ठेवली. ती मनाई कराराची मुदत चालू असतानाची होती, हे मात्र सांगताना गाळले जाते. कंत्राट संपल्यानंतरच्या बंदीला न्यायालये सहसा आधार देत नाहीत. तरीही क्लायंटने कन्सल्टन्सीला स्वतंत्रपणे शब्द दिलेला असतो आणि तो मोडायचा तर शुल्क मोजावे लागते, म्हणून क्लायंट स्वतःच तुम्हाला घेत नाही. ती भिंत तुमच्या करारात नसून त्यांच्या करारात असते.

---

बोटीवरचा, १९ जुलै

मी मर्चंट नेव्हीत आहे, सध्या घरी आहे, म्हणून लिहितो. तुमची चर्चा वाचून नवल वाटले की तुमच्या एजंटाला परवानाच लागत नाही. आमच्याकडे खलाशी किंवा अधिकारी बोटीवर पाठवणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आम्ही आरपीएसएल म्हणतो. त्याचे नियम २०१६ चे आहेत आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे त्यांत निषिद्ध आहे. भारताने २०१५ मध्ये सागरी श्रम करार स्वीकारला, त्यातही हेच आहे. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्यांच्या शुल्काला ३०,००० रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे.

एवढे असून बेलापूरला आणि मशीद बंदरला दोन-तीन लाख देऊन फसलेली मुले मी दर सुट्टीत भेटतो. कोकणातून आलेला मुलगा परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासत नाही. "गावच्या माणसाने ओळख दिली" एवढ्यावर तो शैक्षणिक कर्जाइतकी रक्कम रोख देतो. कायदा असल्याने इतकाच फरक पडतो की फसल्यावर जायला एक कार्यालय असते.

---

गिरणगावची_नात, १९ जुलै

गावच्या माणसाची ओळख, हे वाचून राहवले नाही. माझे पणजोबा राजापूरकडून परळच्या एका गिरणीत आले ते गावच्याच जॉबरच्या शब्दावर. गिरणीत माणूस घ्यायचा की नाही, बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) कोणाला उभे करायचे, हे जॉबर ठरवी आणि त्यासाठी दस्तुरी (स्वतःचा हिस्सा) घेई. पहाटे फाटकावर जाऊन उभे राहायचे आणि जॉबरची नजर पडली तर त्या दिवसाचे काम. १९३१ च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका आहे. पुढे १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली. ठरावीक लोकांना दर महिन्याला कार्डे देऊन रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, असा तिचा हेतू होता.

पण आमच्या घरात जॉबरविषयी निव्वळ शिव्या ऐकायला मिळत नसत. खोलीची सोय त्याने केली, आजारपणात उसने पैसे त्याने दिले, वाण्याकडे जामीन तो राहिला. दस्तुरी किती, हे सगळ्या चाळीला ठाऊक होते. धागाकर्त्यांचा एजंट मला त्या जॉबरपेक्षा कमी दर्जाचा वाटतो, तो याच कारणासाठी: घेतो किती ते कळत नाही आणि अडचणीच्या वेळी फोन उचलत नाही.

(१९८२ च्या गिरणी संपावर कृपया येथे चर्चा नको, तो धागा वेगळा आहे.)

---

क्लायंटकडची, २० जुलै

मी एका मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात व्हेंडर सांभाळते. अंधेरी_पूर्व यांनी सभ्यपणे टाळलेली गोष्ट सांगते. एकच जागा सात जणांना देऊन शर्यत आम्ही लावतो. मुलाखत झाल्यावर तीन-तीन आठवडे उत्तर देत नाही ते आम्ही. एजंट उमेदवाराला "अजून फीडबॅक आला नाही" असे सांगतो, तेव्हा निम्म्या वेळा तो खरे बोलत असतो. आमच्या यादीवर मोजकेच व्हेंडर असतात. यादीत नसलेल्या लहान कन्सल्टन्सी त्यांच्यामार्फत माणसे देतात आणि मध्ये किती हात आहेत, हे आम्हालाही बिल पाहून कळत नाही. आम्ही विचारलेले नसते, हेही खरे.

---

खाडीपारचा, २६ जुलै

सर्वांचे आभार. झाले ते असे. अंधेरी_पूर्व ताईंनी सुचवल्याप्रमाणे मी विचारले आणि पुष्कळ टाळाटाळीनंतर कबुली मिळाली की क्लायंटच्या यादीवर वेगळीच कंपनी आहे आणि माझी कन्सल्टन्सी तिला माणूस पुरवते. १,९०,००० मध्ये जीएसटी धरलेला होता, म्हणजे जमाखर्च यांचा अंदाज बरोबर. उरलेल्या ५१,००० च्या आसपासच्या रकमेत दोन हात आहेत. आकडा कळल्यावर माझा राग निम्मा झाला, हे प्रामाणिकपणे सांगतो. ऐंशी हजार एकट्याने खाल्ले असे समजून मी महिनाभर ज्या माणसाशी तिरसटपणे बोललो, त्याला प्रत्यक्षात वीस-पंचवीस हजार मिळत असावेत आणि त्याचेही पैसे वरच्या कंपनीकडे अडकले होते.

तरीही त्याने हे पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. तिघांची साखळी आहे, पैसे दोन महिन्यांनी येतील, असे तो म्हणाला असता, तर मी दर थोडा वाढवून मागितला असता किंवा नकार दिला असता. निर्णय माझा राहिला असता. त्याचे मार्जिन किती, हे जाणून घेण्याचा माझा हक्क आहे असे मला आता वाटत नाही. हात किती आणि तारीख कोणती, या दोन गोष्टी मात्र मी यापुढे सहीआधी लेखी घेईन.

पत्र जमाखर्च यांच्या सांगण्याप्रमाणे, रागाच्या एकाही शब्दाविना पाठवले. २४ जुलैला मेचे पैसे आले. व्याज मी मागितले नाही.

सीव्हीसाठी आता एक छोटी ईमेल तयार ठेवली आहे: क्लायंटचे नाव, जागा, ठरलेला दर आणि माझे नाव किती दिवस तुमच्याकडे राहील हे कळवा, माझे होकाराचे उत्तर येईपर्यंत सीव्ही पुढे पाठवू नका. गेल्या आठवड्यात तीन एजंटांना ती पाठवली. एकाने नाव दिले, एकाने फोन ठेवला, एक अजून विचार करतो आहे.

---

विक्रोळी_पश्चिम, २६ जुलै

फोन ठेवणाऱ्याचे नाव व्यक्तिगत संदेशात कळवावे. बाकी माझा वरचा पहिला प्रतिसाद थोडा उतावीळ होता.

---

अंधेरी_पूर्व, ९ ऑगस्ट

तुमची ईमेल मी आमच्या मुलींना दाखवली आणि दोन जागांसाठी तशीच वापरून पाहा म्हटले. पहिल्या जागेत आम्ही हरलो. उमेदवार लोकलमध्ये होता, त्याचा होकार यायला चाळीस मिनिटे लागली आणि तोवर दुसऱ्या व्हेंडरने त्याचे नाव चढवले; त्याला विचारून की न विचारता, ते माहीत नाही. माझी टीम लीडर दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. दुसऱ्या जागेत तिघांना विचारले, त्यांपैकी एकीने "माझे नाव तिथे आधीच गेले आहे" असे कळवले आणि आमचा डुप्लिकेट वाचला. उरलेल्या दोघांच्या मुलाखती व्हायच्या आहेत. तिसऱ्या जागेसाठी पुन्हा हेच करायचे की नाही, यावर कार्यालयात अजून मतभेद आहेत.

---

खाडीपारचा, १४ ऑगस्ट

एप्रिलचा टीडीएस आज २६ एएसमध्ये दिसला. त्या माणसाला फोन करून तसे सांगितले आणि मागच्या बोलण्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जूनच्या बिलाचे ४५ दिवस आज पूर्ण होत आहेत आणि पैसे अजून आलेले नाहीत. त्याच फोनवर तेही सांगितले. सुट्टीनंतर दुसरे पत्र जाईल.